टाकीत काय काय घातलं?

परवा सुखदेवच्या कृषी सेवा केंद्रासमोर मधमाशांच्या पेट्यांची गाडी उभी होती. दुकानाच्या पायरीवर नवा फलक लागलाय: कांदा बियाण्यासाठी पेट्या भाड्याने मिळतील. फलकाच्या मागच्या काचेच्या कपाटात, आमच्या शिवारातल्या माशा ज्या औषधाच्या बाटल्यांनी संपवल्या त्याच बाटल्या ओळीने मांडलेल्या. मी सुखदेवला विचारलं, हे दोन्ही तू एकाच गिऱ्हाइकाला विकतोस का? तो हसून म्हणाला, "मामा, धंदा हाय."

धंदा काय असतो हे मला सुखदेवने शिकवू नये. टेंभुर्णीच्या बाजारात मी पोती उचलून सुरुवात केली. आज बियाण्याच्या कंपन्यांचे साहेब माझ्या ओट्यावर बसून चहा पितात, आणि उठताना त्यांनी ठरवून आणलेल्या भावापेक्षा जास्त कबूल करून जातात. तरी त्या दिवशी माझं डोकं फिरलं. त्याच पायरीवर पूर्वी एक खुर्ची असायची आणि तिच्यावर इंगळे बाई बसायच्या. सुखदेव ती खुर्ची उचलून आत ठेवायचा. बाई आत जाऊन ती परत बाहेर आणायच्या.

टेंभुर्णीच्या पलीकडच्या एका गावात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. माझी शाळा सातवीतच सुटली. पण बाईंच्या हिशेबी समोर उभा राहील तो विद्यार्थी, मग तो सरपंच असो की कंपनीचा साहेब. काही विचारलं आणि माणसाने उत्तर दिलं की त्या म्हणायच्या, "उत्तर नको. कारण सांग." बहुतेकांकडे कारण नसायचं. म्हणून बहुतेकांना त्या आवडत नसत.

आवडावं असं त्या काही करतही नसत. चहा अर्धा कपच द्यायच्या. चूक दाखवायला चहा संपायची वाटसुद्धा पाहायच्या नाहीत. बारा महिने हातात काळी छत्री. ऊन नसलं, पाऊस नसला तरी. कुणी हसलं की म्हणायच्या, कुत्री तर असतात ना. आणि एक विचित्र सवय होती. त्यांच्या शेतात पाय टाकण्याआधी तुमचे हात पुढे करायला लावायच्या आणि सरळ वास घ्यायच्या. फवारणीचा वास आला तर बांधाबाहेरच्या पिंपाकडे बोट. साबणाने हात धुवायचे, सदरा काढून ठेवायचा, मग आत. कंपनीच्या एका साहेबाला मी त्यांच्या वावरात बनियनवर उभा पाहिलाय. साहेब संतापले होते. बाई त्यांना ढालकिडा दाखवत होत्या.

हे वावर त्यांनी नोकरीच्या पगारातून घेतलेलं. नाल्याकाठची चांगली काळी जमीन. गावाला ते कधी पचलं नाही, आणि का पचलं नाही हे मी झाकून लिहिणार नाही. एक तर बाईमाणूस. दुसरं म्हणजे बाईंचे आजोबा गावकुसाबाहेर राहायचे, आणि छप्पन सालानंतर घरातली देव्हाऱ्याची जागा बुद्धाच्या तसबिरीने घेतली तरी गावाच्या डोक्यातलं गावकूस काही पडलं नाही. तोंडावर सगळे "बाई, बाई" करायचे. पण बाईंनी जे सांगितलं तेच भगवानरावांनी सांगितलं की मगच ते गावाला पटायचं. भगवानराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. बाईंच्या दोन्ही अंगांना त्यांचीच जमीन.

माझी आणि बाईंची गाठ पडली ती या जमिनीमुळेच. मी कंपनीसाठी शेतकऱ्यांकडून कांद्याचं बी करून घेतो. थंडीत कांदा लावायचा, त्याला दांडे फुटतात, दांड्यावर पांढरा गोंडा फुलतो आणि त्या गोंड्यात बी धरतं. पण माशी फिरली तरच. माशी आली नाही तर गोंडा दिसायला देखणा आणि आतून पोकळ. दुसरी अट अशी की एका जातीच्या प्लॉटजवळ दुसऱ्या जातीचा कांदा चालत नाही, नाहीतर बी भेसळ होतं. भगवानरावांचे प्लॉट मी पक्के केले होते आणि बाईंचं वावर बरोबर मधोमध. त्यांनी तिथे दुसरी जात लावली असती तर माझा अख्खा सौदा बुडाला असता.

मी गेलो, हात हुंगवून घेतले आणि भाव सांगितला. माझी रीत अशी की पहिला भाव पाडून सांगायचा आणि माणसाला चढू द्यायचं. बाई चढल्याच नाहीत. म्हणाल्या, भाव तुझा ठेव, अट माझी. फूल उघडं असेपर्यंत फवारणी नाही. अगदीच लागली तर अंधार पडल्यावर, आणि तीही निंबोळी अर्काची. आणि हे फक्त माझ्या वावरात नाही, मला लागून असलेल्या सगळ्या वावरांत. मी म्हणालो, बाई, दुसऱ्याच्या शेतात तुमची अट कशी चालेल? त्या म्हणाल्या, "मधमाशीला जात कळत न्हाई, म्हणून तर माझ्या दारात आलास. तिला बांधबी कळत न्हाई."

आयुष्यभर मी लोकांना कोंडीत धरून भाव पाडले. त्या दिवशी मला धरलं, आणि अर्ध्या कप चहावर धरलं. भगवानरावांकडून ती अट कबूल करून घ्यायला मला चार फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटी ते म्हणाले, तुझ्या शब्दाखातर. बाईंच्या शब्दाखातर म्हणाले नाहीत, हे मी लक्षात ठेवलं.

बाईंची शेती बघून गाव हसायचं. कांद्याभोवती त्या मक्याच्या दोन दाट ओळी लावायच्या, बाहेरून येणारे, पातीचा रस शोषणारे फुलकिडे तिथेच अडावेत म्हणून. गोडेतेलाचे जुने डबे निळे रंगवून त्यांना एरंडेल चोपडायच्या आणि काठ्यांवर टांगायच्या. फुलकिड्यांना निळा रंग ओढतो. ते डब्याला येऊन चिकटायचे. वाफ्यांच्या कडेने शेपू आणि कोथिंबीर फुलाला सोडलेली, काढायची नाही. फुलकिडे खाणारे ढालकिडे तिथे राहतात. आणि बांध तर असा रुंद आणि झाडोऱ्याचा की भगवानराव त्याला बाईंचा राणीबाग म्हणायचे. बोरी, हिवर, निंब, रुई, तरोटा, सगळं माजलेलं. त्या बोरीत फुलोरी माशांची छोटी मोहोळं लागायची. पलीकडच्या वडावर आग्याची मोठी पोळी. माघात फूल उघडलं की सकाळी दहाच्या सुमारास त्या वावराला असा आवाज असायचा की मोटारसायकल बंद केली तरी ती चालू आहे असं वाटायचं.

पायरीवरच्या खुर्चीचं काम उन्हाळा-पावसाळ्यात चालायचं. कुणी बाटली घेऊन दुकानातून बाहेर पडला की बाई ती मागून घ्यायच्या, पर्समधून भिंग काढायच्या आणि मागचा बारीक मजकूर मोठ्याने वाचायच्या. मधमाशांना घातक. पीक फुलोऱ्यात असताना फवारू नये. डबा नाल्यात, विहिरीत धुऊ नये. पुढचं तर लोक ऐकूनच घ्यायचे नाहीत. एकदा सुखदेवने एकाला तीन बाटल्या एकत्र करून मारायला सांगितल्या. बाईंनी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, बाई, एकाने न्हाई मेलं तर दुसऱ्याने मरंल. बाई म्हणाल्या, "आधी पोलीस मारता, मंग चोर वाढले म्हणून रडता." फुलकिडे खाणारे किडे त्याच फवाऱ्यात मरतात आणि फुलकिडे आठवड्यात परत येतात, एवढंच त्यांचं म्हणणं. सुखदेवला ते कळत नव्हतं असं नाही. आठवड्यात परत आले की शेतकरीही परत येतो, हे त्याला चांगलं कळत होतं.

पहिली दोन वर्षं अट पाळली गेली. बी असं भरलं की साहेब स्वतः मुठीत घेऊन बघायला आले. भगवानरावांनी त्याचं श्रेय आपल्या खताला दिलं. बाईंनी एकच गोष्ट केली: शाळेतली पोरं आणून त्यांना नाल्यातले बेडूक दाखवले. खालच्या अंगाला, जिथे लोक पंप धुतात, तिथे एकही दिसत नाही, ते पोरांनाच शोधायला लावलं.

तिसऱ्या वर्षी ऐन फुलोऱ्यात आभाळ भरून आलं. उकाडा वाढला आणि फुलकिडे झाले. भगवानरावांचा धीर सुटला. आता त्यांनी काय केलं हे नीट समजून घ्या, कारण असली चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. फुलावर गुळाचं पाणी फवारलं की माशा जास्त येतात, बी जास्त धरतं. हे आमच्याकडे सगळेच करतात. भगवानरावांनी विचार केला की गुळाची फवारणी करायचीच आहे, किड्याचीही करायचीच आहे, मग मजूर दोनदा कशाला लावायचे? एकाच टाकीत गूळ विरघळवला, त्यातच बाटली ओतली आणि सकाळी, फूल उघडं असताना, पाइप फिरवला. सुखदेवला आधी विचारलं होतं. सुखदेव म्हणाला होता, चालतंय.

माशांना पंगतीला बोलावलं आणि ताटातच विष वाढलं.

बाईंनी मला फोन केला, नुसतं "ये" म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा त्या बोरीखाली उभ्या होत्या. खाली जमीन दिसत नव्हती. मेलेल्या माशा, आणि त्याहून वाईट म्हणजे अजून न मेलेल्या, उताण्या पडून गरगर फिरणाऱ्या. वडाखालीही तेच. मुंग्या त्यांना ओढत होत्या आणि ओढता ओढता मुंग्याही थांबत होत्या. वावरात शांतता. इतकी शांतता मी त्या वावरात कधी ऐकली नव्हती.

बाई रडल्या नाहीत. भगवानरावांच्या बांधाजवळच्या कांद्याची एक पात त्यांनी काडीने वाकवून मला दाखवली. पातीवर चिकट, तपकिरी थेंब वाळलेले, आणि वास गुळाचा. पलीकडे टाकीपाशी गुळाच्या ढेपेचं बारदान पडलेलं. आम्ही दोघांनी ते पाहिलं. मी तिथल्या तिथे भगवानरावांच्या घरी जायला निघालो आणि काय काय बोलायचं ते वाटेतच ठरवलं. त्यातलं बरंचसं इथे लिहिता येणार नाही. बाईंनी छत्री आडवी धरून मला थांबवलं. म्हणाल्या, भांडू नकोस. त्यांनी पारावर चार माणसांत एवढंच सांगावं की टाकीत काय काय घातलं होतं.

मला ते तेव्हा फार थोडं वाटलं. मी म्हणालो, भरपाई मागू, मी ती काढून देतो, तो माझा धंदा आहे. त्या म्हणाल्या, भरपाईने माशी येत नाही. मग त्यांनी कारण सांगितलं, न विचारता. "मी सांगितलं तर बाई काहीबी बोलते म्हणतील. भगवानराव करतात ते गाव करतं. त्यांनीच सांगितलं की हे चुकलं, तर पुढच्या वर्षी कोणी एका टाकीत करणार न्हाई. न्हाई सांगितलं तर गावभर होईल. एक टाकी वाचते, मजूर वाचतो. कोण सोडंल?"

गोंडे वाळले तेव्हा हाताने चोळून बघितले. फोलपट. पाराजवळ बैठक बसली, आणि तिथे काय झालं ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. भगवानराव खाटेवर बसून शांतपणे म्हणाले की रोग आला तो बाईंच्या राणीबागेतून. झाडोरा माजलाय, तिथेच किडे पोसतात. बांधावर तणनाशक मारून साफ केला पाहिजे. माना डोलल्या. ज्यांच्या पोरांना त्या बाईंनी विज्ञान शिकवलं त्यांच्याही. सुखदेव तर म्हणाला, तणनाशक मी कमी भावात देतो.

बाई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "भगवानराव, टाकीत काय काय घातलं होतं, तेवढं सांगा."

"औषध घातलं होतं, बाई. सगळेच घालतात."

"अजून काय?"

भगवानरावांनी दुसरीकडे बघत तपकीर काढली. कुणीतरी म्हणालं, बाई, ही शाळा न्हाई. हशा पिकला.

मग मी उठलो. मला चांगलं बोलता येत नाही पण सौदा येतो. मी म्हणालो, बांधाला कोणी हात लावला तर पुढच्या वर्षी ह्या गावात एक प्लॉट देणार नाही, सगळं काम हसनाबादकडे नेतो. आणि फुलात दिवसा फवारताना जो दिसेल त्याचा करार तिथल्या तिथे मोडीन. हशा थांबला. बांध वाचला. नंतर मी भगवानरावांना एकट्याला गाठून सगळे डाव टाकून पाहिले, गोडीने आणि दमाने. ते म्हणाले, बाईंना गुपचूप काय पाहिजे ते देतो, दोन पोती बी देतो. पण पारावर त्या बाईसमोर चूक कबूल कर म्हणतोस? ते जमायचं न्हाई. त्यांना कुठे दुखत होतं ते मला त्या वाक्यात कळलं. गूळ आणि विष त्यांना कबूल करता आलं असतं. कोणासमोर करायचं, तिथे घोडं अडलं होतं.

आणि बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. उन्हाळ्यात दुसऱ्या गावच्या एकाने मला कौतुकाने सांगितलं की एका टाकीत दोन कामं होतात, भगवानरावांची युक्ती हाय. मी त्याला जे बोललो त्याने तो अजून माझ्याकडे बघत नाही.

चौथ्या वर्षी फूल उघडलं तेव्हा बाईंची तब्येत उतरली होती. धाप लागायची. तरी रोज सकाळी त्या नाल्यावरच्या हौदापाशी जाऊन उभ्या राहायच्या. गावातले सगळे फवारणीच्या टाक्या तिथेच भरतात. येईल त्याला एकच प्रश्न: टाकीत काय काय? पोरं, म्हणजे आता बाप झालेले त्यांचे विद्यार्थी, सांगायचे. नुसतं पाणी, बाई. निंबोळी हाय, बाई, संध्याकाळसाठी. काही लाजून सांगायचे, काही वैतागून, पण सांगायचे. वडावर त्या वर्षी एक पोळं आलं होतं, तळहाताएवढं. कुठून आलं कोणास ठाऊक.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते तिथेच. त्यानंतर त्यांची लेक त्यांना जालन्याला घेऊन गेली आणि पावसाळ्याच्या तोंडाला बातमीच आली. त्या शेवटच्या भेटीच्या सकाळी मी प्लॉट बघायला मोटारसायकलवरून उतारावर आलो. हौदापाशी चारदोन माणसं कॅन घेऊन उभी होती. भगवानरावांचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत निळी टाकी, भरलेली. बाईंनी प्रश्न विचारलेला असणार, कारण भगवानराव मान वळवून उभे होते. त्यांनी मला येताना पाहिलं. फुलाचे दिवस, सकाळची वेळ, टाकीत औषध. करार मोडणार हे त्यांना कळलं. मी गाडी लावेपर्यंत त्यांनी टाकीची तोटी उघडून दिली.

पांढुरकी धार ट्रॉलीवरून मातीवर पडली आणि उताराने नाल्याकडे निघाली.

आम्ही बघत राहिलो. बाई तेवढ्या हलल्या. धाप लागलेली बाई धारेच्या पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी माती ओढून आडवी घालू लागली. पदर चिखलात. मी ओरडलो की तोटी बंद करा, आणि धावलो. एकाने कॅन टाकला, एकाने हौदाजवळचं फावडं उचललं. धार मातीत तुंबली, डबकं झालं. नाला हातभर लांब राहिला.

बाईंनी मान वर केली नाही. अजून माती दाबत होत्या. "आता तरी सांगा. मातीवर काय पडलंय मला कळू द्या. काय काय आहे यात?"

भगवानरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पकडलेल्या चोरासारखे तोंडातल्या तोंडात म्हणाले, "ह्या बारीला गूळ न्हवता घातला."

फावडं थांबलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. फावडं धरलेला पोरगा भगवानरावांच्या तोंडाकडे बघतच राहिला.

बाई उठल्या. कोपरापर्यंत चिखल. त्या पुढे, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे उभे, वर्गात उभे असल्यासारखे.

"मोठ्यानं बोला, भगवानराव," त्या म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."